छपराखालची लांब उडी

तुमच्या वर्गाची लांबी कधी मोजली आहे काय? नसेल तर उद्या मधल्या सुट्टीत टेप घेऊन मोजून पाहा. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत साधारण सहा-सात मीटर अंतर भरेल. आता अशी कल्पना करा की, एक मुलगी फळ्यापाशी जमिनीवरून पाय उचलते आणि थेट मागच्या भिंतीशी जाऊन टेकते. मधल्या एकाही बाकाला तिचा धक्का लागत नाही.

५ मार्च २०१७ रोजी सर्बियाची राजधानी बेलग्रेड येथे इव्हाना श्पानोविच या सव्वीस वर्षांच्या खेळाडूने अशी उडी मारली. ती भरली ७.२४ मीटर. युरोपीय इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेतील स्त्रियांच्या लांब उडीची ही अंतिम फेरी होती. दुसरी आलेली ब्रिटनची लॉरेन उगेन हिची उडी ६.९७ मीटर होती. म्हणजे पहिली आणि दुसरी यांच्यात २७ सेंटिमीटरांचे अंतर पडले. ज्या खेळात एकेका सेंटिमीटरावर पदके फिरतात, त्यात एवढी तफावत क्वचितच दिसते. आपल्याकडच्या आकड्यांशी ताडून पाहायचे तर, अंजू बॉबी जॉर्ज हिने २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडीवर कांस्यपदक मिळवले होते आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने ६.८३ मीटर उडी मारली होती.

बेलग्रेडची ही स्पर्धा उघड्या मैदानावर झाली नाही, तर एका मोठ्या क्रीडागृहात छपराखाली झाली. एरवी तेथे बास्केटबॉलचे सामने आणि गाण्याचे जलसे होतात. युरोपात हिवाळ्यात मैदाने बर्फाने झाकून जातात. तेव्हा खेळाडूंनी चार महिने करायचे काय, या अडचणीतून इनडोअर स्पर्धा निघाल्या. युरोपीय इनडोअर खेळ १९६६ साली जर्मनीतील डॉर्टमुंड येथे सुरू झाले. जागतिक पातळीवरचे खेळ १९८५ साली पॅरिसला प्रथम झाले आणि १९८७ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे त्यांना अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला. तेथे पूर्व जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलर हिने ७.१० मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले. त्याच स्पर्धेत तिने २०० मीटर धावण्याची शर्यतही जिंकली! लांब उडीतील विजेती धावण्यातही पहिली यावी हा योगायोग नव्हे. तसे का, ते पुढे कळेलच.

क्रीडागृहात चारशे मीटरचा धावमार्ग मावत नाही म्हणून तो दोनशे मीटरचा करतात आणि वळणांवर बाहेरच्या बाजूने उचललेला ठेवतात. लांब उडीची धावपट्टी मात्र मैदानावर असते तशीच, १.२२ मीटर रुंद आणि किमान ४० मीटर लांब. तिच्या शेवटी पांढरी फळी आणि पुढे वाळूचा हौद. पुष्कळ क्रीडागृहांत ही सगळी मांडणी स्पर्धेपुरती लाकडी मचाणावर केलेली असते. धावताना पावलांखाली ती किंचित लवते आणि पाऊल पडले की घुमल्यासारखा आवाज होतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र छपराखालची उडी आणखी एका कारणाने आवडावी. तेथे वारा नाही. बाहेरच्या मैदानावर पाठीमागून वारा आला की धावणारीला फुकटची मदत मिळते. म्हणून तेथे धावपट्टीच्या कडेला वारामापक यंत्र ठेवतात आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरहून जास्त भरला तर ती उडी विक्रम म्हणून धरत नाहीत. प्रयोगशाळेत प्रयोग करताना आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो. क्रीडागृहाचे छप्पर नेमके हेच काम करते. उडी लांब गेली तर ती त्या मुलीच्या पायांमुळेच गेली, झुळकेमुळे नव्हे.

स्त्रियांचा मैदानावरचा जागतिक विक्रम ७.५२ मीटरांचा आहे. तो सोव्हिएत संघाच्या गालिना चिस्त्याकोवा हिने ११ जून १९८८ रोजी लेनिनग्राड येथे केला. त्या वेळी पाठीमागून सेकंदाला १.४ मीटर वेगाने वारा वाहत होता. क्रीडागृहातील विक्रम ७.३७ मीटरांचा. तो ड्रेक्सलरने त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला व्हिएन्ना येथे केला. दोन विक्रमांत १५ सेंटिमीटरांचा फरक आहे. खेळाडू वेगळ्या, दिवस वेगळा, तेव्हा हा सगळा फरक वाऱ्याचाच असे म्हणणे घाईचे होईल. पण १५ सेंटिमीटर हा आकडा ध्यानात ठेवा. (जाता जाता हेही सांगायला हवे की, त्या काळात पूर्व जर्मनीत खेळाडूंना शासनाच्याच योजनेनुसार शक्तिवर्धक औषधे दिली जात होती, हे पुढे उघडकीस आले. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकातील विक्रमांकडे जाणकार जरा सावधपणेच पाहतात.)

आता मूळ प्रश्न. सात मीटर उडी मारायला काय लागते? पायांत जोर, असे उत्तर बहुतेक जण देतील. ते चूक नाही, पण अपुरे आहे. जागच्या जागी उभे राहून कितीही जोर लावला तरी उत्तम खेळाडूची उडीसुद्धा तीन मीटरच्या आसपासच जाते. ओढा ओलांडायचा असला म्हणजे तुम्ही काय करता? चार पावले मागे सरता आणि धावत येता. लांब उडीतली मुलगी चार पावले मागे सरण्याऐवजी चाळीस मीटर मागे सरते, एवढेच. वीसएक पावलांत ती सेकंदाला सुमारे ९.४ मीटर वेग घेते. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचे तर जवळजवळ ३४. गावातल्या रस्त्यावर मोटारसायकल साधारण याच वेगाने चालते. लांब उडी म्हणजे मुळात धावणेच. त्याचा शेवट तेवढा हवेत होतो. इंडियानापोलिसची ती दोन सुवर्णपदके एकाच मुलीच्या गळ्यात का पडली, ते आता उमगले असेल.

नववी-दहावीच्या मुलांनी येथे हात वर केला असेल. 'गुरुजींनी तर सांगितले होते की, फेकलेली वस्तू ४५ अंशांच्या कोनात फेकली तर सर्वांत लांब जाते. मग उडी ४५ अंशांत मारावी!' शंका रास्त आहे. परंतु उत्तम उड्यांची चित्रफीत मंद गतीने पाहिली तर काय दिसते? जमीन सोडताना शरीर वर जाते ते २० अंशांच्या आसपास. ४५ च्या निम्म्याहूनही कमी! मग गुरुजी चुकले, की खेळाडू?

दोघेही बरोबर आहेत. गुरुजींच्या नियमात एक अट गृहीत धरलेली असते. फेकणारा कोणत्याही कोनात तेवढ्याच वेगाने फेकू शकतो, ही ती अट. गोफणीतून सुटणाऱ्या दगडाला ती लागू पडते. दगड आडवा सुटो की तिरका, गोफण तोच वेग देते. माणसाचे तसे नाही. पुढे जाण्याचा वेग आपण चाळीस मीटर धावून सावकाश साठवतो. वर जाण्याचा वेग मात्र एकाच पावलात, फळीवर पाय असतो तेवढ्या क्षणात मिळवावा लागतो. हा क्षण किती मोठा? सेकंदाचा सुमारे आठवा भाग, म्हणजे ०.१२ सेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या अवधीत पाय शरीराला वरच्या दिशेने सेकंदाला फार तर तीन मीटर, किंवा त्याहून थोडा अधिक वेग देऊ शकतो.

४५ अंशांचा कोन हवा तर वर जाण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगाएवढाच हवा. पुढचा वेग ९ असेल तर वरचाही ९. सेकंदाला ९ मीटर वेगाने वर उडालेले शरीर चार मीटरहून जास्त उंच जाईल, म्हणजे घराचा एक मजला ओलांडून वर! हे माणसाच्या पायाला शक्य नाही. दुसरा उपाय म्हणजे पुढचा वेगच कमी करून तीनवर आणायचा. मग कोन अगदी ४५ अंशांचा होईल, पुस्तकात आकृती छापण्याजोगा. पण अशी उडी जागच्या उडीएवढीच भरेल. म्हणून शहाणा खेळाडू कोनाच्या मागे लागत नाही. पुढचा वेग जेवढा राखता येईल तेवढा राखायचा आणि त्या ०.१२ सेकंदात जेवढा वरचा वेग मिळेल तेवढा घ्यायचा. त्या दोहोंतून जो कोन होईल तो होवो!

हे तुम्हाला शाळेच्या हौदावर पडताळून पाहता येईल. प्रथम फळीवर दोन्ही पाय ठेवून जागच्या जागी उडी मारा आणि मोजा. मग पाच पावले धावून, मग दहा, मग पंधरा पावले धावून. प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन उड्या घ्या आणि सर्वांत लांब उडी वहीत लिहा. आडव्या अक्षावर पावले, उभ्या अक्षावर अंतर असा आलेख काढा. रेषा आधी भराभर चढेल आणि पुढे सपाट होत जाईल. काही जणांची तर पंधरा पावलांची उडी दहा पावलांच्या उडीपेक्षा आखूडच भरेल. तसे झाले तर निराश होऊ नका. तुमच्या पायांना अजून तो वेग फळीवर सांभाळता येत नाही, एवढेच त्यातून कळते. सराव वाढला म्हणजे आलेखाचा माथा उजवीकडे सरकतो. आणि हो, हौदातली वाळू आधी खणून मोकळी करून घ्या. दडपलेल्या वाळूवर टाचा आपटल्या तर प्रयोग बाजूला राहील आणि मुरगळलेला घोटा हाती येईल.

फळीवरच्या त्या क्षणाकडे जरा जवळून पाहू, कारण उडीचे भवितव्य तेथेच ठरते. गुराखी पोरे ओढा ओलांडताना काठी पुढे रोवतात आणि धावत्या वेगानेच काठीवरून वर उचलली जातात, हे तुम्ही पाहिले असेल. उडी मारणारी मुलगी आपल्या पायाचीच काठी करते. शेवटून दुसरे पाऊल ती थोडे लांब टाकते, त्यामुळे तिचे शरीर किंचित खाली बसते. शेवटचे पाऊल आखूड टाकते आणि पाय शरीराच्या पुढे, जवळजवळ सरळ, फळीवर रोवते. धावत आलेले शरीर या पायावरून पुढे जाता जाता वर उचलले जाते. गुडघा थोडा वाकतो, मांडीचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू अधिक जोराने आखडतो. या सगळ्याची किंमत मोजावी लागते. पाय पुढे रोवल्यामुळे ब्रेक लागल्यासारखे होते आणि पुढचा वेग ९.४ वरून ८.२ च्या आसपास उतरतो.

पायावर भार किती येतो? हिशेब सोपा आहे. ०.१२ सेकंदात वरचा वेग शून्यावरून ३ मीटर झाला, म्हणजे त्वरण ३ भागिले ०.१२ बरोबर २५. शिवाय गुरुत्वाकर्षणाचे ९.८ पेलावे लागते. एकूण सुमारे ३५. मुलीचे वस्तुमान ६० किलोग्रॅम धरले तर बल झाले २१०० न्यूटन. दोनशे किलोंहून अधिक ओझे, आणि तेही एका पायावर! ही झाली सरासरी. पाय टेकताक्षणीचा दणका याहून पुष्कळ मोठा असतो. स्त्रियांना असले खेळ झेपणार नाहीत असे ज्यांना वाटत असे, त्यांच्यासाठी हे गणित मुद्दाम मांडले आहे. आधुनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांची लांब उडी १८९६ पासून आहे. स्त्रियांची उडी १९४८ साली लंडनला प्रथम घेतली गेली आणि हंगेरीच्या ओल्गा ग्यार्माती हिने ती जिंकली. मधल्या बावन्न वर्षांत गुरुत्वाकर्षण काही बदलले नव्हते.

आता शरीर हवेत आहे. शरीराचे सगळे वजन एका बिंदूत एकवटले आहे असे मानले तर त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. उभ्या माणसाचा तो बेंबीच्या जरा खाली असतो. हवेत हातपाय कसेही हलवा, गुरुत्वमध्याचा मार्ग फळी सुटली त्या क्षणीच ठरून गेलेला असतो. तो मार्ग म्हणजे अन्वस्त. वर जाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्यातले ९.८ काढून घेते, म्हणून ०.३१ सेकंदात तो संपतो. तोपर्यंत गुरुत्वमध्य ४६ सेंटिमीटर वर गेलेला असतो. मग तो खाली येऊ लागतो. पण फळी सोडताना शरीर ताठ उभे होते आणि वाळूवर उतरताना ते घडी घालून बसल्यासारखे असते. म्हणून उतरताना गुरुत्वमध्य सुरुवातीपेक्षा सुमारे अर्धा मीटर खाली असतो. एकूण ९६ सेंटिमीटर खाली यायला ०.४४ सेकंद लागतात. दोन्ही मिळून पाऊण सेकंद. ८.२ ला ०.७५ ने गुणा, ६.१५ मीटर येतात. शिवाय फळी सोडताना गुरुत्वमध्य पायाच्या अंगठ्यापुढे ३५ सेंटिमीटर गेलेला असतो आणि उतरताना टाचा त्याच्यापुढे अर्धा मीटर असतात. सगळे मिळवा: ७ मीटर! आपण समजायला सोयीचे आकडे घेतले आहेत, पण खऱ्या उड्यांच्या ते अगदी जवळचे आहेत.

हाच हिशेब थोडा बदलून करा. फळी सोडतानाचा वेग ८.२ ऐवजी ८.४ धरला, बाकी सर्व तेच ठेवले, तर उडी किती वाढेल? १५ सेंटिमीटर. मघाचा आकडा आठवला? सेकंदाला अवघे २० सेंटिमीटर जास्त वेग, आणि दोन जागतिक विक्रमांतला फरक भरून निघाला. आणि घडी घालून उतरल्याने मिळालेला तो अर्धा मीटर काढून टाकला तर? हवेतला वेळ पाऊण सेकंदावरून ०.६१ सेकंदावर येतो आणि उडीतून एक मीटरहून जास्त अंतर निघून जाते. सुवर्णपदकाची खेळाडू अंतिम फेरीलाही पात्र ठरणार नाही.

मग खेळाडू हवेत पाय सायकल चालवल्यासारखे का फिरवतात? पुढे जाण्यासाठी असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. हवेत ढकलायला जमीन नसते, तेव्हा पाय मारून पुढे जाता येत नाही. कारण वेगळेच आहे. फळीवर पाय क्षणभर अडतो आणि वरचे अंग पुढे जात राहते, त्यामुळे शरीराला पुढच्या बाजूला गिरकी मिळते. तिला कोनीय संवेग म्हणतात. ती तशीच राहिली तर डोके खाली जाईल आणि पाय लवकर वाळूत पडतील. ही गिरकी हवेत नाहीशी करता येत नाही, पण हातापायांकडे सोपवता येते. विहिरीच्या काठावर तोल जाऊ लागला की तुमचे हात आपोआप गोल फिरू लागतात ना? तेच हे. हातपाय गिरकी घेतात आणि धड सरळ राहते.

येथवर सारे निसर्गाचे नियम झाले. आता माणसाने केलेले नियम. फळी फक्त २० सेंटिमीटर रुंद असते आणि उडी मोजतात ती फळीच्या पुढच्या कडेपासून, पाऊल कोठेही पडले तरी. पाऊल दहा सेंटिमीटर मागे पडले तर ते दहा सेंटिमीटर वाया. पाऊल कडेच्या पुढे गेले तर संपूर्ण उडी बाद. वीस पावलांतले प्रत्येक पाऊल केवळ एक सेंटिमीटर लांब पडले तरी शेवटी वीस सेंटिमीटर चूक जमते, म्हणजे फळीची सगळी रुंदी संपली! मग खेळाडू हे साधतात कसे? डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्त्री खेळाडूंच्या धावण्याचे चित्रण अभ्यासून याचे उत्तर दिले. सुरुवातीची पावले पाठ केल्यासारखी पडतात आणि चूक थोडी थोडी साठत जाते. शेवटच्या काही पावलांत डोळे फळीचे अंतर जोखतात आणि पावले त्यानुसार लांब-आखूड होऊन ती चूक भरून काढतात. तीही पूर्ण वेगात! त्या मुली मनात गणित करत नव्हत्या, हे सांगायला नकोच.

पाऊल पुढे गेले की नाही हे ओळखण्यासाठी फळीच्या पुढे प्लॅस्टिसिन या मऊ पदार्थाची पट्टी बसवत. तिच्यावर बुटाचा ठसा उमटला की पंच लाल निशाण दाखवत. ही पट्टी उतरती असे, त्यामुळे बुटाचे टोक कडेच्या किंचित वर तरंगत पुढे गेले तरी ठसा उमटतच असे असे नाही. नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला. आता फळीच्या पुढच्या कडेवर एक उभी अदृश्य भिंत आहे असे मानतात आणि बुटाने ती ओलांडली की उडी बाद. मोठ्या स्पर्धांत हे कॅमेऱ्याने पाहतात.

दुसरे टोक वाळूत असते. वाळूत उमटलेल्या खुणांपैकी फळीच्या सर्वांत जवळची खूण धरतात आणि तेथून फळीच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर मोजतात. टाचा सात मीटरवर पडल्या आणि मागे हात टेकला साडेसहावर, तर उडी साडेसहाच. सेंटिमीटराच्या आतला अपूर्णांक सोडून देतात, ६.९६९ मीटर भरले तरी पाटीवर ६.९६ च लागते. शाळेत आपण असा आकडा ६.९७ लिहू. पण खेळाडूला न मारलेल्या उडीचे श्रेय द्यायचे नाही, असा येथे दंडक आहे.

आणि 'खूण' म्हणजे फक्त शरीराची खूण नव्हे. अंगावर जे काही असेल त्याचीही.

या एका शब्दाची झळ श्पानोविचलाच बसली. बेलग्रेडच्या उडीनंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, लंडनला उघड्या मैदानावर जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अमेरिकेची ब्रिटनी रीस ७.०२ मीटरवर पहिली, दार्या क्लिशिना ७.०० वर दुसरी, अमेरिकेचीच टियाना बार्टोलेटा ६.९७ वर तिसरी. श्पानोविच ६.९६ वर चौथी होती, म्हणजे कांस्यपदकापासून एक सेंटिमीटर दूर. शेवटची उडी बाकी होती. ती उडी पाहणाऱ्यांना सात मीटरच्या पलीकडे गेल्यासारखी वाटली. पाटीवर आकडा आला ६.९१. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिल्यावर कारण दिसले. तिच्या पाठीवर नाव छापलेली पट्टी टाचलेली होती. तिचा खालचा भाग सुटून फडफडत होता आणि उतरताना तो शरीराच्या मागे वाळूला लागला होता. सर्बियाच्या पथकाने तक्रार केली. ती फेटाळण्यात आली.

निर्णय कठोर वाटतो, नाही का? परंतु पंचांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वाळूला फक्त खूण कळते. ती टाचेची आहे, वेणीची आहे की कागदाची, हे प्रत्येक उडीनंतर वाद घालून ठरवायचे म्हटले तर स्पर्धा रात्रभर चालेल. माझ्या मते नियम योग्यच आहे. चूक पट्टी टाचण्यात झाली. ९.४ मीटर वेग, ०.१२ सेकंदांचा तो क्षण, पाऊण सेकंदाचे उड्डाण, हे सारे जमून आले आणि पदक गेले ते एका पट्टीच्या सुटलेल्या कोपऱ्यामुळे.

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा भरली. पुन्हा छप्पर, पुन्हा वाऱ्याविना धावपट्टी, आणि समोर पुन्हा ब्रिटनी रीस. रीसची सर्वोत्तम उडी ६.८९ मीटर भरली. श्पानोविचने सुवर्णपदक जिंकले. तिच्या उडीचे अंतर होते ६.९६ मीटर, लंडनला चौथ्या क्रमांकावर राहिली होती तेवढेच.